ऐन मोसमात आलेला व्यवस्थापक

१९ डिसेंबर १९५९ रोजी लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानावर कार्डिफ सिटीने यजमान संघाचा चार गोलांनी धुव्वा उडविला. लिव्हरपूलला परतफेडीचा एकही गोल करता आला नाही. बिल शँक्ली यांचा या संघाचे व्यवस्थापक म्हणून तो पहिलाच सामना होता. आठवड्याभरात चार्लटननेही तीन गोलांनी हरवून त्याच अनुभवाची पुनरावृत्ती घडविली. नवा माणूस आला की संघात आपोआप चैतन्य संचारते, ही क्रीडाप्रेमींची आवडती समजूत. त्या नाताळात लिव्हरपूलकरांना तिचा प्रत्यय मुळीच आला नाही.

इंग्लंडमधील फुटबॉलचा मोसम साधारणतः ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतो. त्या काळी लिव्हरपूलला साखळीत ४२ सामने खेळावे लागत, आणि शँक्ली यांनी सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांपैकी निम्मे होऊन गेले होते. मोसमाच्या प्रारंभी येणाऱ्या व्यवस्थापकाला उन्हाळ्याची उसंत मिळते. खेळाडू पारखता येतात, चुका खासगीत करता येतात. ऐन मोसमात येणाऱ्याला यांतले काहीच मिळत नाही. दर शनिवारी सामना उभा असतो आणि आधीच्या माणसाने जमविलेला संघ घेऊनच मैदानात उतरावे लागते. दिवाळीनंतर शाळेत नवे मुख्याध्यापक यावेत आणि वार्षिक परीक्षेच्या निकालाची जबाबदारी मात्र त्यांच्याच माथी पडावी, तसा हा प्रकार. अशा वेळी काय बदलावे आणि कशाला हात लावू नये, या निर्णयावर पुढचे सारे अवलंबून असते.

शँक्ली यांना हा प्रसंग नवा नव्हता. त्यांच्या व्यवस्थापकीय कारकिर्दीतील पाच नेमणुकांपैकी चार भर मोसमात झालेल्या आहेत. १९४९ च्या मार्चमध्ये कार्लाइल, १९५४ च्या जानेवारीत वर्किंग्टन, १९५६ च्या नोव्हेंबरात हडर्सफील्ड आणि शेवटी लिव्हरपूल. फक्त ग्रिम्सबीला ते १९५१ च्या उन्हाळ्यात, म्हणजे रीतसर वेळेवर गेले. दुसऱ्याने अर्धवट सोडलेला डाव पुढे खेळणे हीच जणू त्यांची वहिवाट झाली होती.

त्यांचा जन्म २ सप्टेंबर १९१३ चा, स्कॉटलंडमधील ग्लेनबक या कोळसा खाणींच्या खेड्यातला. दहा भावंडे, त्यांत पाच भाऊ. आणि पाचही जण व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. हजारभर वस्तीच्या या गावाने सुमारे पन्नास व्यावसायिक खेळाडू दिले असे सांगितले जाते. लहानगा बिल शाळा सोडून खाणीत कामाला लागला. पुढे खाण बंद पडली आणि बेकारी आली. १९३२ मध्ये कार्लाइल संघाने त्यांना घेतले, १९३३ मध्ये ते प्रेस्टनला गेले, १९३८ मध्ये प्रेस्टनसह त्यांनी एफ. ए. चषक जिंकला आणि स्कॉटलंडचेही प्रतिनिधित्व केले. उमेदीची पुढची वर्षे महायुद्धाने गिळली. खेळाडू म्हणून त्यांची योग्यता मोठी होती, परंतु त्यांचे खरे कर्तृत्व त्यानंतरचे आहे.

धाकट्या संघांमधील त्या दहा वर्षांनी त्यांना बरेच शिकविले. कार्लाइलला सामन्यापूर्वी ध्वनिक्षेपकावरून ते प्रेक्षकांना संघातील बदलांची कारणे सांगत. वर्किंग्टनला तर व्यवस्थापक म्हणजे कारकूनही तेच होते. टपाल उघडणे, दूरध्वनी घेणे, पगार वाटणे ही कामेही त्यांच्याकडेच. हडर्सफील्डला त्यांनी डेनिस लॉ नावाच्या सोळा वर्षांच्या मुलाला पहिल्या संघात खेळविले. परंतु बहुतेक ठिकाणी एकच अडचण उभी राहिली. संचालकांना यश हवे होते, त्यासाठी पैसा सोडण्याची मात्र तयारी नव्हती.

लिव्हरपूलशीही त्यांची गाठ आधी पडली होती. १९५१ मध्ये या पदासाठी त्यांची मुलाखत झाली. परंतु संघनिवडीवर शेवटचा शब्द संचालकांचा राहील असे दिसताच तो योग फिसकटला. आठ वर्षांनंतर परिस्थिती पालटली होती. लिव्हरपूल १९५४ मध्ये दुसऱ्या श्रेणीत घसरले ते तिथेच अडकले. १९५९ च्या जानेवारीत तर साखळीबाहेरच्या वुस्टर सिटीने त्यांना चषक स्पर्धेतून बाहेर काढले, आणि नोव्हेंबरात व्यवस्थापक फिल टेलर यांनी राजीनामा दिला. आता गरज संचालकांना होती. संघ निवडण्याचा संपूर्ण अधिकार आपला, ही अट शँक्ली यांनी घातली आणि ती मान्य झाली. ही अट क्षुल्लक नव्हे. संघ दुसऱ्याने निवडायचा आणि पराभवाचे उत्तर आपण द्यायचे, अशी नोकरी कोणत्याही क्षेत्रात माणसाला आतून पोखरते.

सराव मैदानाची अवस्था दयनीय होती. मेलवूडच्या त्या जागेत गवत माजलेले, इमारत जीर्ण. खेळाडूंमध्येही ढिलेपणा आलेला. अशा वेळी नवा अधिकारी प्रथम जुन्या साहाय्यकांना निरोप देतो आणि स्वतःची माणसे आणतो. फुटबॉलमध्ये ही प्रथाच आहे, आणि ती केवळ फुटबॉलमध्येच आहे असेही नाही. बॉब पेस्ली, जो फेगन, रूबेन बेनेट हे साहाय्यक त्याच भीतीने शँक्लींची वाट पाहत होते. पेस्ली तर १९३९ पासून या संस्थेत होते. शँक्ली यांनी त्यांना एकत्र बोलाविले, कोणाचीही नोकरी जाणार नाही असे आश्वासन दिले आणि मोबदल्यात निष्ठा मागितली. त्यांच्या पंधरा वर्षांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता असे विचारले, तर बोट याच निर्णयावर ठेवावे लागेल. नव्या व्यवस्थापकाला खेळाडूंची नावे कळतात. त्यांच्या जुन्या दुखापती, घरच्या विवंचना, कोणाला रागावले तर चालते आणि कोणाला नाही, हे कळायला वर्ष जाते. हे ज्ञान त्या तिघांपाशी तयार होते. ऐन मोसमात आलेल्या माणसाने ते दाराबाहेर काढले असते तर हातात काय उरले असते?

बदलली ती रोजच्या कामाची रीत. रस्त्यावरून मैलोन्‌मैल पळण्याचा सराव बंद झाला. जे करायचे ते गवतावर आणि चेंडू घेऊन. लहान संघ पाडून झटपट चेंडू देण्या-घेण्याचे खेळ सुरू झाले. खेळाडूंनी ॲनफील्डवर कपडे बदलायचे, बसने मेलवूडला जायचे, सराव आटोपून पुन्हा एकत्र परतायचे आणि अंग थंडावल्यावरच स्नान व जेवण, असा क्रम ठरला. यामागे स्नायूंच्या दुखापती टाळण्याचा हिशेब होता, पण बसमधील ती रोजची सोबतही संघ बांधीत होती. प्रत्येक दिवसाच्या सरावाची आणि दुखापतींची नोंद वहीत होऊ लागली. ॲनफील्डमधील बूट ठेवण्याच्या खोलीत साहाय्यक सामन्यानंतर जमत आणि खेळाची चिरफाड करीत. ही खोली पुढे इंग्लंडच्या फुटबॉलमधील जणू एक विद्यापीठच ठरली.

खेळाडूंच्या बाबतीत मात्र शँक्ली इतके उदार नव्हते. पुढच्या काही वर्षांत सुमारे दोन डझन खेळाडूंना जावे लागले. जखमी खेळाडूशी ते जवळजवळ बोलत नसत, आणि याचे समर्थन करणे कठीण आहे. परंतु त्यांची पारख घाईची नव्हती. जेरी बर्न हा बचावपटू ते आले तेव्हा विक्रीच्या यादीत होता. त्याला त्यांनी ठेवून घेतले. याच बर्नने १९६५ च्या चषकाच्या अंतिम सामन्यात सुरुवातीलाच गळपट्टीचे हाड मोडलेले असताना जादा वेळ संपेपर्यंत खेळ केला. रॉजर हंट हा तरुण आघाडीवीरही टेलर यांच्याच काळात संघात आलेला. १९६१-६२ च्या मोसमात त्याने साखळीत ४१ गोल केले. पूर्वसुरींच्या पदरात चांगले काय होते ते ओळखण्यालाही मनाचा मोठेपणा लागतो.

यश लगेच आले नाही. त्या मोसमात लिव्हरपूल तिसरे आले आणि बढती दोनच संघांना मिळत असे. पुढच्या वर्षी पुन्हा तिसरे. दरम्यान शँक्लींना हवा असलेला डेनिस लॉ ५५,००० पौंडांना मँचेस्टर सिटीकडे गेला. इतकी रक्कम लिव्हरपूलच्या संचालकांच्या आवाक्याबाहेरची होती. १९६१ मध्ये इयन सेंट जॉन व रॉन येट्स हे दोघे स्कॉटलंडमधून आले आणि १९६२ मध्ये संघाने पहिल्या श्रेणीत प्रवेश केला. त्यानंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. १९६४, १९६६ व १९७३ ची साखळी विजेतेपदे, १९६५ व १९७४ चे एफ. ए. चषक, १९७३ चा यूएफा चषक. मधल्या काळात त्यांची एक चूकही झाली. जुन्या शिलेदारांवरील मायेपोटी संघाची फेरउभारणी लांबली आणि १९७० मध्ये वॉटफर्डकडून चषक स्पर्धेत हार पत्करल्यावरच त्यांनी ती हाती घेतली.

१२ जुलै १९७४ रोजी त्यांनी निवृत्ती जाहीर केली तेव्हा शहर हादरले. त्यांच्या जागी आले ते पेस्ली. पंधरा वर्षांपूर्वी ज्यांची नोकरी त्यांनी राखली, तेच. निवृत्तीनंतरही शँक्ली सकाळी मेलवूडला येत राहिले. खेळाडू सवयीने त्यांनाच साहेब म्हणत, आणि खरे साहेब पेस्ली बाजूला अवघडून उभे राहत. नव्या माणसाला जम बसवायला मोकळी जागा लागते, हे ज्यांनी आयुष्यभर अनुभवले होते त्यांनाच ती जागा सोडणे जड गेले. अखेरीस त्यांचे येणे गैरसोयीचे ठरत असल्याचे त्यांच्या कानी गेले आणि त्यांनी मेलवूडला जाणे बंद केले. ही जखम त्यांच्या मनात राहिली. एव्हर्टन या शेजारच्या प्रतिस्पर्धी संघाच्या सराव मैदानावर मात्र त्यांचे स्वागत होत असे.

पेस्लींच्या पहिल्या मोसमात एकही चषक आला नाही. त्यानंतरच्या आठ वर्षांत सहा साखळी विजेतेपदे आणि तीन युरोपियन चषक आले. पुढे पेस्लींची जागा जो फेगन यांनी घेतली. २९ सप्टेंबर १९८१ रोजी लिव्हरपूलमध्येच शँक्ली यांचे निधन झाले, तेव्हा पेस्ली आणि फेगन दोघेही ॲनफील्डवर कामावर होते.