विरोधातून अनुसरणाकडे : म्हाइंभटांचे चरित्र

परमेश्वरास जीवोद्धरणाचे व्यसन आहे. तो अवतार स्वीकारून जीवाच्या दारी आला असता जीवाने त्यास शरण जावे, हेच स्वाभाविक. तथापि अनेक जीव प्रथम विरोधास उभे राहतात. असे का घडते, हे म्हाइंभटांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

म्हाइंभट हे सराळ्याचे. गणपती आपयो यांच्यापाशी त्यांनी शास्त्राध्ययन केले. घरी संपत्ती होती, विद्वानांत मान होता आणि आपल्यासारखा शास्त्रज्ञ दुसरा नाही, असा दृढ अभिमानही होता. सर्वज्ञ श्रीचक्रधरांची कीर्ती ऐकून ते गोदावरीतीरी डोमेग्रामास गेले, ते दर्शनासाठी नव्हे, तर वादासाठी. वादात त्यांचा अभिमान गळाला.

त्यांच्या विरोधाचे मूळ द्वेषात नव्हते. परमेश्वर मनुष्यवेषाने येतो, म्हणून जीवास तो आपल्यासारखाच एक मनुष्य दिसतो. शिवाय श्रीचक्रधर मराठीत निरूपण करीत. स्त्री-शूद्रांनाही तो बोध खुला होता. मग संस्कृत शास्त्राच्या बळावर मिळालेल्या श्रेष्ठत्वाचे काय, ही शंका विद्वानाच्या मनात उठणारच. अवतारास मानणे म्हणजे आजवरच्या मिळकतीवर पाणी सोडणे होय. अविद्येने बद्ध जीवास हे सोडणे फार जड जाते. पैठणचा महदाश्रम आणि यादवांचा मंत्री हेमाद्री यांनी विरोध अखेरपर्यंत सोडला नाही, असे परंपरा सांगते. म्हाइंभटांनी मात्र हार मानली, हाच भेद.

श्रीचक्रधरांनी उत्तरापंथे गमन केल्यावर भक्तजन रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. तेथे श्रीनागदेवाचार्य लीळांचे स्मरण करीत. तो ठेवा आचार्यांबरोबर लोपू नये, ही चिंता म्हाइंभटांनाच लागली. आचार्यांच्या अनुज्ञेने त्यांनी, ज्यांनी ज्यांनी लीळा पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांना गाठून प्रत्येक लीळा पडताळून घेतली. शके १२००च्या (इ. स. १२७८) सुमारास, रिद्धपुरी वाजेश्वरी येथे, लीळाचरित्र सिद्ध झाले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मानला जातो. श्रीगोविंदप्रभूंचे चरित्रही त्यांनीच रचले.

वादास आलेल्या विद्वानाने संस्कृताचा अभिमान बाजूस ठेवून मराठीतच ही सेवा केली. ज्या बुद्धीने खंडन करावयाचे, तीच बुद्धी पडताळणीच्या कामी आली. म्हणून विरोध करणाऱ्यास साधकाने अपात्र ठरवू नये. प्रामाणिक विरोधक हार मानण्यास तयार असेल, तर तोही उद्धारास पात्र आहे. मात्र प्रत्येकाने स्वतःस विचारावे : आपण कोणता मान राखण्यासाठी बोधाकडे पाठ फिरवीत आहोत?