मातेला दिलेले वचन : महात्मा गांधींचे आहारव्रत

आहाराचा विचार आपल्या धर्माने केवळ पाकशाळेपुरता ठेवलेला नाही. आहाराच्या शुद्धीवर अंतःकरणाची शुद्धी अवलंबून असते, असा संबंध छांदोग्योपनिषदाने जोडून दिला, आणि पुढील आचार्यांनी व संतांनी तो धागा कधी तुटू दिला नाही. तथापि एकच नियम दोन माणसे दोन निराळ्या कारणांनी पाळीत असतात. कोणी कुळाचार म्हणून मांस वर्ज्य करतो, कोणी लोकलज्जेस्तव, कोणी आरोग्यासाठी, कोणी दिलेल्या शब्दाखातर, तर कोणी प्राणिमात्राविषयीच्या करुणेने. बाहेरून पाहणाऱ्यास पान सारखेच दिसते; अंतरातील भूमिका मात्र भिन्न असते. महात्मा गांधींच्या आयुष्यात या बहुतेक सर्व भूमिका क्रमाने येऊन गेल्या. रूढीने मिळालेला नियम एकदा मोडून, पुन्हा वचनाने बांधून घेऊन, आणि शेवटी स्वतःच्या विवेकाने स्वीकारून त्यांनी तो आपलासा केला. त्यांच्या चरित्राचा हा भाग भाविकांनी मनन करण्याजोगा आहे.

मोहनदास करमचंद गांधी यांचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ रोजी काठेवाडातील पोरबंदर येथे वैष्णव कुळात झाला. वडील करमचंद हे संस्थानी दिवाण, आणि माता पुतळीबाई या परम व्रतस्थ होत्या. चातुर्मासात एकभुक्त राहणे ही त्यांची नित्याची रीत होती. एका चातुर्मासात सूर्यदर्शन झाल्यावाचून अन्न घ्यावयाचे नाही, असा त्यांनी नियम केला. पावसाळ्याचे दिवस, मुले अंगणात उभी राहून आकाशाकडे डोळे लावीत, आणि ढगांतून सूर्य डोकावताच आईला हाका मारीत. ती बाहेर येईपर्यंत सूर्य पुन्हा झाकला जाई. मुले हिरमुसत; माता मात्र आज भोजन देण्याची देवाची इच्छा नाही असे म्हणून प्रसन्न मुखाने कामाला लागे. व्रत म्हणजे काय, याचा पहिला पाठ मोहनदासाला कोणत्याही पाठशाळेत नव्हे, तर घराच्या त्या अंगणात मिळाला.

परंतु पाठ मिळणे निराळे आणि तो अंगी बाणणे निराळे. राजकोट येथे शाळेत असता मोहनदासाची एका धाडसी व बलवान मुलाशी मैत्री झाली. त्या काळी राजकोटच्या तरुणांत सुधारणेचे वारे शिरले होते. इंग्रज मांस खातो म्हणून तो बलाढ्य, आणि हिंदी मनुष्य खात नाही म्हणून तो दुर्बळ व परतंत्र, असा समज पसरला होता. मोहनदास देहाने कृश. अंधाराची, चोरांची, सर्पांची त्याला भीती वाटे. मित्र निर्भय आणि चपळ. मांस खाल्ल्याने आपणही बलवान होऊ, आणि देशातील सर्वांनी खाल्ले तर इंग्रजांचे राज्य जाईल, असे त्याच्या मनाने घेतले. मांसाशन हे त्याला जिभेचे चोचले म्हणून नव्हे, तर देशकार्य म्हणून पटले होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवली पाहिजे.

नदीकाठच्या एका निर्जन जागी पहिला प्रयोग झाला. बोकडाचे मांस चामड्यासारखे चिवट लागले, ते गिळवेना. त्या रात्री मोहनदासाला झोप आली नाही. डोळा लागताच पोटात जिवंत बोकड ओरडत आहे असा भास होई आणि तो दचकून उठे. पुढे मित्राने मांसाचे रुचकर पदार्थ करविण्यास आरंभ केला आणि टेबल-खुर्च्यांनी सजलेल्या एका संस्थानी इमारतीत भोजनाची व्यवस्था केली. वर्षभरात अशी पाचसहा भोजने झाली असतील. त्या दिवशी घरी आल्यावर आई जेवावयास बोलवी, आणि मुलाला भूक नाही, अन्न पचले नाही, अशी काही सबब सांगावी लागे. मांसाने जे साधले नाही ते या असत्याने साधले. मुलाचे अंतःकरण जागे झाले. मांस खाणे आवश्यक असेलही, पण आईबापांना फसविणे हे न खाण्याहून वाईट, असा निर्णय त्याने केला. ते हयात असेपर्यंत मांसाला शिवावयाचे नाही. पुढे स्वतंत्र झाल्यावर उघडपणे खावयाचे, असा बेत ठरवून त्याने तो मित्राला कळविला. मांसाविषयीचे त्याचे मत पालटले नव्हते. पालटली होती ती असत्याविषयीची वृत्ती. त्याच्या आहारव्रताचा पाया अशा रीतीने प्रथम सत्यावर पडला, अहिंसेवर नंतर.

१८८५ साली पित्याचे देहावसान झाले. तीन वर्षांनी विलायतेस जाऊन बॅरिस्टर होण्याची गोष्ट निघाली. तिकडे गेलेले तरुण मद्यमांसाच्या नादी लागतात, असे पुतळीबाईंच्या कानी आले होते. तेव्हा कुटुंबाचे हितचिंतक बेचरजी स्वामी पुढे आले. हे पूर्वाश्रमीचे मोढ वाणी, पुढे जैन साधू झालेले. त्यांनी मुलाकडून मद्य, मांस आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करविली, आणि मातेने अनुज्ञा दिली. मुंबईत ज्ञातीने सभा भरवून समुद्रगमनास मनाई केली व न ऐकल्याबद्दल बहिष्कार घातला. तरीही ४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास जहाजावर चढला. ज्ञातीचा आधार सुटला होता. मातेला दिलेला शब्द तेवढा सोबत होता.

जहाजावर एका कनवाळू इंग्रज सहप्रवाशाने बजावले की, बिस्केच्या उपसागरातील थंडीत मांसावाचून टिकाव लागावयाचा नाही. उपसागर आला आणि गेला. आपण मांस खाल्ले नाही अशी प्रशस्तिपत्रे मोहनदासाने मोठ्या हौसेने गोळा केली. पुढे मांस खाणाऱ्यासही तशी पत्रे मिळू शकतात असे कळून आले, तेव्हा त्यांची मातब्बरी त्याला उरली नाही. आपल्याच शब्दावर विश्वास बसत नसेल तर कागदाचा उपयोग काय, हा बोध त्यातून झाला.

लंडनमधील पहिले महिने कठीण गेले. सकाळी ओटचे दलिये, दुपारी व रात्री पाव, मुरंबा आणि पालेभाजी. आणखी पाव मागण्याचा संकोच वाटे. पोट भरत नसे. ज्या मित्राकडे राहावयाचे, तो रोज वाद घाली. अशिक्षित मातेपुढे, परदेशाची परिस्थिती ठाऊक नसता घेतलेल्या शपथेला काय अर्थ, असे तो विचारी. एकदा त्याने बेंथमच्या उपयुक्ततावादाचा ग्रंथ वाचून दाखविला. त्यावर गांधीजींनी एवढेच सांगितले की, हे सूक्ष्म प्रतिपादन आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. मांस आवश्यक असेल हेही आपण मान्य करतो. पण प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा. पुढे एका मोठ्या उपाहारगृहात नाटकापूर्वीच्या मेजवानीस बसले असता, पुढे आलेल्या रश्शात काय आहे असे त्यांनी वाढप्यास विचारले. मित्र संतापला, सभ्य समाजात असे वागता येत नसेल तर बाहेर जावे, असे त्याने सुनावले. गांधीजी आनंदाने बाहेर पडले. जवळचे शाकाहारी उपाहारगृह बंद झाले होते. त्या रात्री ते उपाशी राहिले, नाटकास मात्र मित्रासोबत गेले, आणि मैत्रीत अंतर पडू दिले नाही.

पुढे भटकता भटकता फॅरिंग्डन स्ट्रीटवर एक शाकाहारी उपाहारगृह दृष्टीस पडले. दाराशीच पुस्तके विक्रीस मांडली होती. हेन्री सॉल्ट यांनी शाकाहाराच्या समर्थनार्थ लिहिलेले पुस्तक एका शिलिंगाला घेऊन ते भोजनास बसले. विलायतेत आल्यापासून पोटभर मिळालेले ते पहिले अन्न. पुस्तक आद्योपांत वाचल्यावर त्यांच्या विचारात पालट झाला. आजवर ते वचनबद्ध म्हणून मांसापासून दूर होते. सर्वांनी मांस खावे आणि आपणही एक दिवस मोकळेपणाने खावे, ही इच्छा मनात होतीच. आता ती मावळली. मातेने बांधलेली गाठ त्यांनी स्वतःच्या बुद्धीने घट्ट केली. आर्जवाने दिलेले वचन अशा रीतीने आत्मप्रतीतीचे व्रत झाले.

याच काळातील एक प्रसंग धर्मशास्त्राच्या अभ्यासकांनी विशेष लक्ष देण्याजोगा आहे. मांस म्हणजे काय, याविषयी विलायतेतील शाकाहाऱ्यांत तीन मते होती. पशुपक्ष्यांचे मांस तेवढेच मांस, मासे व अंडी चालतात, असे एक मत; सर्व सजीवांचे मांस वर्ज्य, अंडी चालतात, हे दुसरे; आणि अंडी व दूधही त्यातच मोडतात, हे तिसरे. पहिले मत धरले असते तर मासेही खाता आले असते. गांधीजींनी विचार केला की, शपथ जिने घेवविली तिचा अर्थ प्रमाण. आणि आईच्या समजुतीत मांसामध्ये अंडीही येत होती. काही दिवस घेतलेली अंडी त्यांनी त्या क्षणी सोडली. शब्दाच्या अनेक अर्थांतून आपल्या सोयीचा अर्थ न निवडता, ज्याला वचन दिले त्याच्या मनातील अर्थ धरावा, हा दंडक त्यांनी तेथे घालून घेतला.

१८९१ साली बॅरिस्टर होऊन ते परतले, तेव्हा माता या जगात नव्हती. परदेशात मुलास धक्का बसू नये म्हणून भावाने ती वार्ता दडवून ठेविली होती. ज्या मातेपुढे वचनपूर्तीचे निवेदन करावयाचे, तीच निघून गेली होती. शब्द ऐकणारे कोणी उरले नाही, तरी शब्द उरला.

स्वतःच्या देहावर नियम चालविणे एक. प्रियजनांच्या प्राणाशी तो भिडला म्हणजे खरी कसोटी लागते. १९०२ साली मुंबईत दहा वर्षांचा मुलगा मणिलाल विषमज्वराने व फुप्फुसाच्या दाहाने अत्यवस्थ झाला. सज्जन पारशी डॉक्टरांनी अंडी व कोंबडीचा रस्सा देण्याचा सल्ला दिला. गांधीजींनी मुलाला सर्व समजावून सांगितले. मुलानेही नकार दिला. जलोपचार चालू झाले, तरी ताप हटेना. बापाला आपल्या मुलावर असा प्रयोग करण्याचा अधिकार कोणता, हा प्रश्न त्यांना रात्रभर छळीत राहिला. मुलास ओल्या चादरीत गुंडाळून, पत्नीच्या हवाली करून ते चौपाटीवर गेले आणि रामनाम घेत फिरत राहिले. परत आले तो मुलाला घाम फुटला होता. ताप उतरू लागला होता. ही ईश्वराची कृपा, की पाण्याचा गुण, की शुश्रूषेचा, याचा निर्णय त्यांनी पुढेही अहंकाराने केला नाही.

दक्षिण आफ्रिकेत कस्तुरबांची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा डॉक्टरांनी गोमांसाचा रस देण्याची परवानगी मागितली. गांधीजींनी निर्णय पत्नीवर सोपविला. ती शुद्धीवर असल्यास तिला विचारावे, तिची इच्छा असेल तर द्यावे, असे कळविले. कस्तुरबांनी निक्षून नकार दिला. तशा दुर्बळ अवस्थेत, पाऊस पडत असता, त्यांना दरबानहून फिनिक्सला नेण्यात आले. तेथे एक स्वामी भेटीस आले आणि मनुस्मृतीच्या आधारे मांसभक्षणात पाप नाही असे समजावू लागले. पती शास्त्रार्थ करीत राहिले. कस्तुरबांनी मात्र शास्त्रार्थ न करता, आपली श्रद्धा आपल्या वाडवडिलांच्या धर्मावर आहे एवढ्यावरच तो प्रश्न मिटविला. एकाने विवेकाने जे मिळविले, ते दुसरीने श्रद्धेने राखले.

स्वतःबाबत इतके कठोर असलेले गांधीजी इतरांवर नियम लादीत नसत. टॉलस्टॉय फार्मवर ख्रिस्ती व मुसलमान सत्याग्रही कुटुंबे राहावयास आली, तेव्हा त्यांनी मांसाहार मागितल्यास तो पुरविणे आपले कर्तव्य आहे, असे त्यांनी मानले. मग प्रेमाने विनंती केली, आणि सर्वांनी आपण होऊन एकच शाकाहारी पाकशाळा मान्य केली.

त्याच फार्मवर १९१२ साली त्यांनी दूधही वर्ज्य केले. ब्रह्मचर्याचा विचार त्यात प्रधान होता. गाईम्हशींवर होणाऱ्या क्रूर प्रकारांची माहितीही कारण झाली. १९१४ साली लंडनमध्ये ते फुप्फुसाच्या आवरणाच्या दाहाने आजारी पडले, तेव्हा नामदार गोखल्यांनी दूध घेण्याचा आग्रह धरला. गोखले त्यांना गुरुस्थानी. गांधीजींनी विचारास एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या दिवशी नम्रपणे नकार दिला. गोखल्यांना दुःख झाले, तरी त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही, आणि डॉक्टरांनाही त्या मर्यादेतच उपाय करण्यास सांगितले. शिष्याचा निग्रह आणि गुरूची उदारता, दोन्ही तेथे सारखीच शोभली.

पण चरित्राचे खरे मोल पुढील प्रसंगात आहे. १९१८ साली खेडा जिल्ह्यात फिरत असता त्यांना अतिसार जडला आणि देह केवळ अस्थिपंजर झाला. १९१९ च्या आरंभी मुंबईत शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर दलाल म्हणाले की, दुधावाचून देह उभा राहणार नाही. गांधीजींनी व्रत सांगितले. तेव्हा कस्तुरबांनी सुचविले की, व्रताच्या वेळी मनात गाईम्हशीचे दूध होते; शेळीच्या दुधास हरकत कोणती? गांधीजींनी ते मान्य केले. सत्याग्रहासाठी जगण्याची इच्छा प्रबळ होती. देह वाचला, मनातील शल्य मात्र राहिले. व्रताचे अक्षर पाळले, आत्मा मारला, अशी कबुली त्यांनी स्वतःच्या आत्मकथेत जगापुढे दिली. लंडनमध्ये अंड्यांच्या वेळी शब्दाचा सोयीचा अर्थ नाकारणारा मनुष्य येथे सोयीच्या अर्थाला शरण गेला होता, आणि हे त्याच्याइतके कोणीही ओळखले नव्हते. ३० जानेवारी १९४८ रोजी देह पडेपर्यंत त्यांनी या उणिवेला भूषणाचा मुलामा दिला नाही.

मठाच्या भक्तपरिवारात गोमंतकापासून इंदूर-बडोद्यापर्यंत अनेक घरांचे आहार निरनिराळे आहेत. कोठे मासळी कुळाचारात आहे आणि एकादशीस वा श्रावणात ती वर्ज्य होते. कोठे ती कधीच शिजत नाही. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून आपली शुद्धी मोजणे या चरित्रात कोठेही आढळत नाही. आपण जे पाळतो ते का पाळतो, कोणाला दिलेल्या शब्दासाठी पाळतो, आणि ते चुकले तर ती चूक उघड मान्य करण्याचे धैर्य आपणापाशी आहे काय, एवढेच आपण पाहावयाचे. पावसाळ्यात सूर्य झाकला गेला म्हणून हसतमुखाने उपाशी राहणाऱ्या त्या मातेने मुलाला शिधा दिला तो एवढाच. आणि तो त्याला जन्मभर पुरला.