विश्लेषण : बॉक्सिंगमध्ये उपजत देणगी मोठी की कमावलेले कौशल्य? रॉकी मार्सियानोची कारकीर्द काय सांगते?

४९ लढती, ४९ विजय आणि त्यातील ४३ नॉकआउट. संपूर्ण व्यावसायिक कारकीर्दीत एकदाही न हरता, एकही बरोबरी न पत्करता निवृत्त झालेला हेवीवेट जागतिक विजेता म्हणजे रॉकी मार्सियानो. तरीही पहिल्यांदा त्याला रिंगमध्ये पाहणाऱ्या जाणकारांना हा मुलगा फार पुढे जाईल असे वाटले नव्हते. उंची कमी, हात आखूड, पावले अडखळणारी आणि वय जास्त. मग तो अपराजित कसा राहिला? देणगी आणि कौशल्य यांत फरक कसा करायचा, या बॉक्सिंगमधील जुन्या वादाचे उत्तर त्याच्या आयुष्यात सापडते.

कोण होता मार्सियानो?

रोक्को फ्रान्सिस मार्केजियानो हे त्याचे मूळ नाव. जन्म १ सप्टेंबर १९२३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ब्रॉक्टन शहरात झाला. आई-वडील इटलीहून आलेले. ब्रॉक्टन हे बुटांच्या कारखान्यांचे शहर आणि वडील अशाच एका कारखान्यात कामाला होते. रॉकीला मात्र बेसबॉलपटू व्हायचे होते. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात भरती झाला, काही काळ वेल्समध्ये तैनात होता. सैन्यातच तो हौशी बॉक्सिंगकडे वळला. १९४७ मध्ये त्याने शिकागो कब्ज या संघासाठी बेसबॉलची चाचणी दिली. पण चेंडू दूरवर फेकण्याइतका त्याचा हात जोरकस नाही, असे ठरवून त्याला परत पाठवण्यात आले. पुढे याच हाताने जगातले नामांकित हेवीवेट बॉक्सर आडवे केले.

त्याचे शरीर बॉक्सिंगसाठी अयोग्य का मानले गेले?

हेवीवेट गटात उंची आणि हाताचा पल्ला यांना मोठे महत्त्व असते. लांब हाताचा बॉक्सर प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्यात न येता त्याला ठोसे मारू शकतो. मार्सियानोची उंची जेमतेम पाच फूट दहा इंच आणि हातांचा पल्ला सुमारे ६८ इंच होता. ज्या जो लुईसशी तो पुढे लढला, त्याचा पल्ला ७६ इंच होता. लढतीच्या वेळी मार्सियानोचे वजन साधारण ८४ किलो असे. आजच्या हेवीवेट बॉक्सरांपुढे तो लहान दिसेल.

वयाचाही प्रश्न होता. अनेक विजेते किशोरवयातच तालीम सुरू करतात. मार्सियानो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पूर्णवेळ उतरला तेव्हा १९४८ साल उजाडले होते आणि तो २५ वर्षांचा होत आला होता. हौशी गटात तर तो चक्क हरलाही होता. त्याच वर्षी गोल्डन ग्लोव्हज स्पर्धेत कोली वॉलेसने त्याला पराभूत केले. म्हणजे ४९-० हा आकडा जन्मजात अजिंक्य माणसाचा नाही.

मग त्याच्याकडे उपजत असे काय होते?

एक गोष्ट नक्की होती. उजव्या हाताचा ठोसा. तो नीट बसला तर समोरचा उठत नसे. या ताकदीची भयंकर बाजू ३० डिसेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दिसली. सहाव्या फेरीत नॉकआउट झालेल्या कार्मिन व्हिंगो या तरुण बॉक्सरच्या मेंदूला गंभीर इजा झाली. तो वाचला, पण पुन्हा कधी लढू शकला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मार सोसण्याची क्षमता. संपूर्ण व्यावसायिक कारकीर्दीत तो फक्त दोनदा खाली पडला आणि दोन्ही वेळा उठून जिंकला. तिसरी गोष्ट दमसास, मात्र ही केवळ देणगी म्हणता येत नाही. तो रोज मैलोन् मैल धावे, पाण्यात उभा राहून ठोसे मारण्याचा सराव करी आणि नेहमीपेक्षा कितीतरी जड बॅगवर मेहनत घेई. लढत ठरली की अनेक आठवडे घरापासून दूर, तालमीच्या छावणीत राही. फुप्फुसांची मूळ क्षमता जन्मजात असेलही, पण पंधराव्या फेरीतही पहिल्या फेरीइतक्याच जोराने ठोसा मारणे हे सरावाचे फळ होते.

प्रशिक्षकाने नेमके काय शिकवले?

व्यवस्थापक अल वाइल यांनी मार्सियानोला चार्ली गोल्डमन यांच्या हवाली केले. गोल्डमन हे अगदी बुटके, वयस्कर प्रशिक्षक; स्वतः एकेकाळी कमी वजनाच्या गटात शेकड्याने लढती लढलेले. त्यांना या मुलात चुकाच चुका दिसल्या. पावले फार फाकलेली, तोल सुटलेला, डावा हात जवळपास निकामी आणि उजवा ठोसा लांबून, गोल फिरवून येणारा. असा ठोसा समोरच्याला आधीच दिसतो आणि हवेत जातो.

गोल्डमन यांचे मोठेपण असे की त्यांनी या मुलाला उंच, देखण्या शैलीचा बॉक्सर करण्याचा हट्ट धरला नाही. आखूड हात लांब करता येत नाहीत, तेव्हा त्याला प्रतिस्पर्ध्याच्या जवळ सुरक्षितपणे नेणे हाच मार्ग होता. मुळात बुटक्या मार्सियानोला त्यांनी गुडघ्यांत आणखी वाकायला शिकवले. त्यामुळे उंच बॉक्सरना खाली वाकून मारावे लागे, त्यांचे ठोसे डोक्यावरून जात आणि मार्सियानोचा ठोसा खालून वर, पायांच्या जोरासकट येई. पावले फाकू नयेत म्हणून सरावात दोन्ही पायांना दोरी बांधली जाई. डावा हात वापरण्याची सवय लागावी यासाठी उजव्या हाताला विश्रांती दिली जाई. गोल फिरणारा ठोसा हळूहळू आखूड आणि सरळ झाला.

यामागे साधे शास्त्र आहे. ठोसा फक्त हाताने बसत नाही. जोर तळपायातून निघतो, कमरेच्या पिळातून खांद्यात येतो आणि शेवटी मुठीत पोहोचतो. तोल चुकला की ही साखळी मध्येच तुटते. त्यामुळे नैसर्गिक ताकद असली तरी ती लक्ष्यापर्यंत पोहोचवणे हे शिकावेच लागते.

कौशल्य वाढल्याचा पुरावा काय?

रोलंड लास्टार्झा हा तंत्रशुद्ध बॉक्सर होता. मार्च १९५० मध्ये दोघेही अपराजित असताना समोरासमोर आले. मार्सियानो जिंकला, पण इतक्या निसटत्या फरकाने की निकालावर पुढे अनेक वर्षे वाद झाला. सप्टेंबर १९५३ मध्ये ते पुन्हा लढले. या वेळी अकराव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. लास्टार्झा बचावासाठी हात पुढे करी आणि मार्सियानो त्या हातांवरच ठोसे मारत राही, इतके की ते उचलणे त्याला जड जाऊ लागले. मधल्या साडेतीन वर्षांत मार्सियानोची हाडे बदलली नव्हती. बदलले होते ते त्याचे डावपेच.

दुसरा पुरावा २३ सप्टेंबर १९५२ चा. फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध जागतिक विजेतेपदाची लढत होती. पहिल्याच फेरीत मार्सियानो कारकीर्दीत प्रथमच खाली पडला. बारा फेऱ्यांनंतर गुणांकनात तो मागे होता. तेराव्या फेरीत त्याने वॉलकॉटला दोरांपाशी गाठले आणि जेमतेम काही इंचांवरून उजवा ठोसा मारला. लढत तिथेच संपली. १९४८ मधला मार्सियानो हा ठोसा मारू शकला नसता. त्याला हात फिरवायलाच त्याहून जास्त जागा लागत असे.

हे कौशल्य प्रेक्षकांना का दिसले नाही?

कारण कौशल्य म्हणजे पदलालित्य, चपळाई आणि देखणा बचाव, असे मानण्याची सवय आहे. मार्सियानो देखणा नव्हता. त्याचे ठोसे हुकत, चेहरा रक्ताळलेला असे. त्यामुळे त्याला रांगडा, अडाणी ताकदीचा बॉक्सर ठरवण्यात आले.

उलट अन्यायही झाला. १९३० च्या दशकात अमेरिकी वृत्तपत्रांत कृष्णवर्णीय जो लुईसचे वर्णन अनेकदा निसर्गाने घडवलेला हिंस्र लढवय्या असे केले जाई. प्रत्यक्षात प्रशिक्षक जॅक ब्लॅकबर्न यांनी शिकागोत त्याच्याकडून तोल, आखूड ठोसे आणि सलग ठोशांची मालिका घोटून घेतली होती. लुईस हा शिकून तयार झालेल्या बॉक्सिंगचा उत्तम नमुना होता. त्याला केवळ ‘उपजत’ म्हटल्याने त्याची मेहनत आणि बुद्धी दोन्ही पुसली गेली. म्हणून एखाद्या खेळाडूला ‘नैसर्गिक’ म्हणताना त्या शब्दाआड कोणता पूर्वग्रह दडला आहे, हे तपासायला हवे.

या विक्रमावर आक्षेप कोणते?

मार्सियानोचे मोठे प्रतिस्पर्धी उताराला लागले होते, हा मुख्य आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. ऑक्टोबर १९५१ मध्ये त्याने लुईसला आठव्या फेरीत नॉकआउट केले तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता. या विजयानंतर आपल्या या आदर्शासाठी मार्सियानो रडला होता. वॉलकॉट ३८ वर्षांचा होता, तर आर्ची मूर चाळिशीच्या जवळ होता. पण अनुभवी बॉक्सर सोपे नसतात. १९५४ मध्ये एझार्ड चार्ल्सविरुद्धच्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोचे नाक फाटले होते. डॉक्टरांनी लढत थांबवली असती तर अपराजित हा शब्द तिथेच संपला असता. त्याने आठव्या फेरीत चार्ल्सला संपवले. त्या क्षणी सहनशक्ती कामी आली, नशीबही आले आणि जवळ जाऊन मारण्याचे तंत्रही.

निष्कर्ष काय?

एप्रिल १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी मार्सियानो निवृत्त झाला आणि पुन्हा रिंगमध्ये लढायला उतरला नाही. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी, ४६ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवा राज्यात छोट्या विमानाच्या अपघातात त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी त्याने मुहम्मद अलीसोबत एका काल्पनिक लढतीचे चित्रीकरण केले होते. दोघांच्या क्षमतांचे आकडे संगणकाला पुरवून विजेता ठरवण्यात आला. जानेवारी १९७० मध्ये ती लढत अमेरिकेत दाखवली गेली, तेव्हा मार्सियानो विजयी ठरला, पण तो पाहायला हयात नव्हता.

क्षमता आकड्यांत मोजण्याची ही हौस आजही आहे. निवड चाचण्यांत उंची, पल्ला आणि वेग मोजले जातात. ते मोजणे चुकीचे नाही, पण १९४८ मध्ये तेवढेच मोजले असते तर मार्सियानो ब्रॉक्टनच्या बुटांच्या कारखान्यात गेला असता. त्याची देणगी एका ठोशाची होती. तो ठोसा कोणत्या अंतरावरून, कोणत्या तोलाने आणि केव्हा मारायचा, हे त्याला शिकवावे लागले. आणि ते शिकवताना मुलाच्या शरीराप्रमाणे शैली बेतणारा गोल्डमन यांच्यासारखा वस्ताद भेटावा लागला. एखाद्या मुलात गुण नाहीत असे म्हणण्याआधी त्याला असा वस्ताद मिळाला होता का, हे विचारायला हवे.