नॉकिंगवरचं औषध : थॉमस मिजली

खोपोली सोडली की बोरघाट सुरू होतो. पूर्वी माणसांनी भरलेली फियाट किंवा अँबॅसिडर या चढाला लागली की इंजिनातून टकटक असा आवाज यायचा. मेकॅनिकच्या भाषेत, गाडी नॉक करायची. स्पार्कने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण आपोआप भडकतं, त्याचा हा आवाज. आज पंपावर साध्या पेट्रोलशेजारी एक्सपी९५, पॉवर९५ अशी महाग नावं दिसतात. मूळ पेट्रोल सगळ्या कंपन्यांचं जवळपास सारखंच. फरक पडतो तो ऑक्टेनचा, आणि इंजेक्टर-व्हॉल्व्ह साफ ठेवणाऱ्या डिटर्जंटसारख्या ॲडिटिव्हचा. थोडंसं औषध घालून पेट्रोल वेगळ्या नावाने विकायची ही पद्धत ज्याच्यामुळे जगभर पसरली, तो थॉमस मिजली. आपल्यासारखाच मेकॅनिकलवाला!

जन्म १८८९, अमेरिकेत पेनसिल्व्हेनियामध्ये. १९११ ला कॉर्नेलमधून डिग्री. १९१६ मध्ये तो डेटनला चार्ल्स केटरिंगच्या हाताखाली लागला आणि त्याला नॉकिंगचा प्रॉब्लेम मिळाला. केमिस्ट्री त्याची नव्हतीच. बर्फातही फुलणाऱ्या एका झाडाच्या पानांची मागची बाजू लाल असते, म्हणून लाल रंगाचं इंधन उष्णता चांगली शोषेल असा त्या दोघांचा तर्क. लॅबमध्ये तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून आयोडीन टाकलं. नॉकिंग कमी झालं! मग खरे लाल रंग आणून पाहिले, तर काहीच फरक नाही. तर्क सपशेल चुकला, पण रस्ता सापडला. (आमच्या व्हायवात असं उत्तर चालेल का?)

पुढची पाच वर्षं तो एकेक पदार्थ तपासत राहिला. टेल्युरियमने काम केलं, पण त्याचा वास कितीही आंघोळ केली तरी अंगाचा जाईना. शेवटी पिरिऑडिक टेबलमध्ये खाली सरकत सरकत तो शिशापाशी आला. ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेडने इंजिन शांत झालं. गॅलनला जेमतेम तीन सीसी पुरे.

आता खरी गोष्ट. अल्कोहोल मिसळलं तरी नॉकिंग थांबतं, हे मिजलीला ठाऊक होतं. त्याने ते स्वतः करून दाखवलं होतं. पण अल्कोहोल भरपूर लागतं, आणि ते कुणीही गाळू शकतं, त्याचं पेटंट कसलं घेणार? शिशाचं घेता येत होतं. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली, ती 'एथिल' या गोड नावाने. शिसं हा शब्दच नाही.

शिशाचा थर व्हॉल्व्ह आणि प्लगवर बसायचा, म्हणून त्यात ब्रोमीनचं एक संयुग घातलं. थर बसण्याऐवजी शिसं सायलेन्सरमधून बाहेर जाऊ लागलं. इंजिन स्वच्छ, घाण रस्त्यावर. मला तर हे डिझाइनच भयानक वाटतं.

१९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीच्या प्लांटमध्ये पाच कामगार वेड लागल्यासारखे होऊन मेले. तेव्हा मिजलीने पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुतले आणि मिनिटभर बाटली हुंगून दाखवली. गंमत म्हणजे, आदल्या वर्षी तो स्वतः शिशाच्या विषबाधेतून बरा व्हायला फ्लोरिडाला गेला होता. त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागाच नाही. काही महिने विक्री थांबली, १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

नंतर त्याने फ्रिजसाठी फ्रिऑन शोधला. ओझोनचं काय झालं ते आपण शाळेत शिकलोच आहोत. त्याला मोठमोठी मेडल्स मिळाली. १९४० मध्ये पोलिओने पाय गेले. बिछान्यातून उठायला त्याने दोऱ्या आणि पुलीची यंत्रणा बनवली आणि २ नोव्हेंबर १९४४ रोजी त्याच दोऱ्यांत गळा आवळलेला तो सापडला.

त्याचं पेट्रोल मात्र चालूच राहिलं. आपल्या देशात मुंबईसह चार महानगरांत १९९५ मध्ये अनलेडेड आलं आणि १ फेब्रुवारी २००० पासून सगळीकडे. तोपर्यंत खोपोली ते खंडाळा चढणाऱ्या पेट्रोल गाड्या धुरातून शिसं टाकतच वर जात होत्या. जगात शेवटी २०२१ मध्ये अल्जीरियाने ते बंद केलं. आणि आज आपल्या पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये काय मिसळतात? इथेनॉल, म्हणजे तेच अल्कोहोल. त्यातलं काही आपल्याच महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांमधून येतं.