स्पेक्युलम आणि मारी ब्वाव्हँ

गर्भाशयमुखाची तपासणी करताना डॉक्टरांच्या ट्रेमध्ये एक उपकरण तुम्ही पाहिलं असेल, स्पेक्युलम. दोन पाती, मागे बिजागरी. मिटलेलं आत घालायचं आणि हळूच उघडायचं. याला 'बायव्हाल्व्ह' म्हणतात. तिसऱ्या, कालवं यांसारख्या दोन शिंपांच्या जीवांनाही हाच शब्द आहे. (फरक असा की शिंपला मिटायला स्नायू लागतो, तो सैल पडला की शिंपला उघडतो. म्हणून तर तिसऱ्या शिजल्या की तोंड उघडतात. स्पेक्युलम मात्र स्क्रूने उघडं ठेवावं लागतं.)

असं दोन पात्यांचं स्पेक्युलम बनवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत एका फ्रेंच सुईणीचं नाव घेतलं जातं: मारी ब्वाव्हँ. जन्म १७७३, व्हर्सायजवळ. १७९७ मध्ये लग्न झालं, पण पती लवकरच वारले आणि पदरात लहान मुलगी राहिली. मग त्या पॅरिसच्या प्रसूतिगृहात मारी-लुईझ लाशापेल यांच्या हाताखाली शिकल्या आणि १८०० मध्ये सुईण झाल्या. १८१२ मध्ये त्यांचं प्रसूतिशास्त्रावरचं पुस्तक आलं, १८२७ मध्ये द्राक्षगर्भावरचं. स्टेथोस्कोपने पोटातल्या बाळाचे ठोके ऐकणाऱ्या पहिल्या काही जणांत त्या होत्या.

त्या काळी गर्भाशयमुखाचा आजार बहुधा बोटांनी चाचपून ओळखत. पाती उघडली की जखम, गाठ, रक्तस्राव नेमका कुठून होतो ते डोळ्यांना दिसतं. ब्वाव्हँ यांनी जे दिसलं ते चितारलंही. १८३३ च्या गर्भाशयविकारांवरच्या ग्रंथात त्यांची चित्रं आहेत.

फ्रान्समध्ये तेव्हा स्त्रियांना डॉक्टर होता येत नव्हतं. जर्मनीच्या मारबुर्ग विद्यापीठाने १८२७ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. पॅरिसच्या वैद्यक अकादमीने सदस्यत्व कधीच दिलं नाही. १८४१ मध्ये त्या गरिबीतच गेल्या.

आज पॅप स्मीअर घेतानाही पाती उघडून गर्भाशयमुख आधी डोळ्यांनी पाहतात. 'दुखेल' किंवा 'लाज वाटते' म्हणून तुम्ही ही तपासणी पुढे ढकलत असाल, तर डॉक्टरांना तसं आधीच सांगा. स्पेक्युलम लहान आकारातही मिळतं. सोबत स्त्री परिचारिका हवी असेल तर मागा. दुखलं तर थांबा म्हणा, डॉक्टरांनी थांबायलाच हवं. आणि संबंधांनंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्त गेलं, तर पुढच्या महिन्याची वाट बघू नका.