Explained: एकाच घरात पुन्हा बालमृत्यू का? वि. म. दांडेकरांचे विसरलेले सूत्र
समजा, चंदगड तालुक्यातल्या एका वाडीत १०० घरे आहेत आणि काही वर्षांत तिथे १० बाळे दगावली. सरासरी काढली तर १० घरांमागे एक मृत्यू. पण त्यातले ६ मृत्यू दोनच घरांतले असतील तर? सरासरीत ती दोन घरे दिसतच नाहीत. अशी घरे शोधायला लागणाऱ्या गणिताचा एक धागा वि. म. दांडेकरांपर्यंत जातो.

महाराष्ट्राला दांडेकर माहीत आहेत ते १९८४ च्या अनुशेष अहवालामुळे, नाहीतर नीळकंठ रथ यांच्यासोबत १९७१ मध्ये केलेल्या दारिद्र्याच्या अभ्यासामुळे. त्यांच्यातला संख्याशास्त्रज्ञ मात्र मागेच पडला.

६ जुलै १९२० रोजी साताऱ्यात त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या गोखले संस्थेत असताना त्यांनी पत्नी, लोकसंख्याशास्त्रज्ञ कुमुदिनी दांडेकर यांच्यासह पुणे जिल्ह्यातल्या जन्म-मृत्यूंची पाहणी केली. ती १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली.

दोन वर्षांनी, १९५५ मध्ये, 'संख्या' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होते. निबंधातला मुद्दा साधा, पण नेमका होता. नाणे उडवले की प्रत्येक वेळी छाप्याची शक्यता तेवढीच असते. गर्भधारणेचे तसे नाही. एकदा दिवस गेले की पुढचे काही महिने शक्यता शून्य. हा 'बंद काळ' दांडेकरांनी सूत्रात बसवला. म्हणजे घरातली एक घटना पुढच्या घटनेची शक्यता बदलते.

बालमृत्यूशी याचा संबंध इथेच येतो. बाळ दगावले की अंगावर पाजणे थांबते आणि बंद काळ लवकर संपतो. पुढची गर्भधारणा लवकर होऊ शकते. आईचे शरीर भरून आलेले नसते, त्यामुळे पुढच्या बाळाचा धोका वाढतो. गरिबी, दूषित पाणी, दवाखान्याचे अंतर ही कारणे तर त्याच घरात आधीपासून असतातच. यातले काय किती कारणीभूत, हे वेगळे काढणे हेच या शाखेतले सर्वांत अवघड काम आहे.

दांडेकर पुढे गोखले संस्थेचे संचालक झाले आणि शेती, पीक विमा, दारिद्र्य या विषयांकडे वळले. त्यांचे १९५५ चे सूत्र इतर संख्याशास्त्रज्ञांनी पुढे नेले. १९९० मध्ये मोनिका दासगुप्ता यांनी पंजाबातल्या गावांच्या अभ्यासातून बालमृत्यू मोजक्याच कुटुंबांत एकवटतात, हे दाखवले. ३० जुलै १९९५ रोजी दांडेकरांचे निधन झाले.