बेडकांचे नामकर्ते : प्रा. नारायणराव

मृगाच्या पहिल्या सरी कोसळल्या की परसातून, विहिरीच्या काठावरून आणि तळ्याकडेच्या गवतातून रात्रभर जो कल्लोळ उठतो, तो आपणांपैकी कोणी ऐकला नाही? कंदील घेऊन शोधावयास जावे, तर आवाज केवढा आणि गवई मात्र अंगठ्याच्या पेराएवढा! त्यांतील हा कोण आणि तो कोण, हे सांगताना भलेभले गोंधळतात. याच कोड्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, ते प्रा. सी. आर. नारायणराव होत.

त्यांचा जन्म १८८२ साली कोइमतूर येथे झाला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात प्राणिशास्त्राचे अध्ययन करून पुढे ते बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात प्राध्यापक झाले व १९३७ साली निवृत्त झाले. १९३२ मध्ये निघालेल्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकाचे ते पहिले संपादक. हा व्यापही लहान नव्हता. परंतु त्यांचा जीव रमे तो बेडकांत.

त्या काळी आपल्याकडील बेडकांना नावे देत ती बहुधा युरोपीय पंडित मंडळी. नारायणरावांनी कोडगू आणि मलनाडच्या जंगलांतील बेडूक अभ्यासासाठी घेतले. बेडूक ओळखावयाचा तो रंगावरून नव्हे. रंग जिवंतपणीही पालटतो आणि मद्यार्कात तर उडूनच जातो. बोटांच्या टोकांना चकत्या आहेत काय, पायांच्या बोटांमधील पडदा कोठवर पोहोचतो, डोळ्यामागे कानाचा पडदा दिसतो की कातडीखाली दडला आहे, टाळूवर दात आहेत की नाहीत, मागचा पाय पुढे वाकविला असता घोटा कोठे येतो, अशा बारीक खुणा पाहाव्या लागतात. बागेतील चिमुकल्या मायक्रोहायला बेडकाच्या पाठीवरील गडद नक्षी आपणांसही चटकन दिसेल. नारायणरावांनी मात्र त्याच्या पाण्यातील शेपटीवाल्या पिलांचेही निरीक्षण केले.

१९२० साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी कोडगूच्या एका निशाचर बेडकाचे वर्णन प्रसिद्ध केले. १९३७ च्या निबंधात तर नव्या जातींची रांगच लागली. केंपहोळे, कोट्टिगेहार ही जंगलातील गावे त्यामुळे बेडकांच्या शास्त्रीय नावांत जाऊन बसली.

नव्या जातीला नाव दिले की ज्या बेडकावरून ते दिले तो मूळ नमुना जपून ठेवावयाचा असतो. पुढे शंका आली तर तोच खरा साक्षीदार. नारायणरावांचे हे नमुने कॉलेजात होते, आणि तेच नाहीसे झाले! एका विद्वानाच्या श्रमांचे याहून मोठे नुकसान कोणते? १९६० साली ते निवर्तले. मागे उरले ते केवळ शब्द. आणि एकच वर्णन दोन-दोन बेडकांस लागू पडू लागले, तर निवाडा कोणी करावा?

अखेर अभ्यासकांनी एकच वाट धरली. त्यांनी निबंधात नोंदविलेल्या रानांत भर पावसात, रात्री, ओढ्यांच्या काठी जाऊन शोध घेतला. १९२० सालचा तो कोडगूचा बेडूक तब्बल ९१ वर्षांनी, २०११ मध्ये, पुन्हा ओळखला गेला. त्याबरोबरच १९३७ च्या निबंधातील आणखी दोन निशाचर बेडूकही सापडले. काही नावांना मात्र त्यांचा धनी अजून भेटलेला नाही.

त्याआधी एक वर्ष, २०१० साली, झुडपांवर राहणाऱ्या इवल्या बेडकांच्या एका मोठ्या गटाला त्यांच्या सन्मानार्थ ‘रावॉर्केस्टिस’ हे नाव देण्यात आले. या बेडकांची पिले पाण्यात पोहत नाहीत. अंड्यातून सरळ चिमुकला बेडूकच बाहेर येतो. यांतील एक जात १९१९ साली आपल्या लोंढ्यापलीकडच्या कॅसल रॉक येथील नमुन्यांवरून वर्णिली गेली. तो मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून बेडकाचे नाव पडले ‘बॉम्बेएन्सिस’. मुंबई शहराशी त्याचा काही संबंध नसला, तरी नारायणरावांचे नाव आता त्यालाही लागले आहे. पावसाळ्यात आगगाडी कॅसल रॉकला थांबली की खिडकी उघडून कान द्यावा. झुडपांतून येणारी ती टिकटिक कदाचित त्याचीच असेल.